वाकड्या खाडीच्या भरतीरेषेची हकीकत

श्रीवरुणाय नमः. श्रीगणेशाय नमः. कचेरीचे दार उघडे असल्यास आतील अधिदेवतेसही नमः. शके सतराशे साठ, विलंबीनाम संवत्सरे, ज्या राज्याचे नाव घेण्याचे या लेखकास कारण नाही आणि छातीही नाही, त्या राज्यात महाराज भर दरबारी उभे राहिले आणि प्रतिज्ञा करिते जाहले, जे, "पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाचही भूते आजपासून आमच्या छत्राखाली आली. यांस जो उपद्रव देईल त्याची गाठ आमच्याशी. समुद्रास तर आम्ही पोटच्या लेकरासारखे सांभाळू. हे वचन सूर्यचंद्र असेतो." ऐसे बोलून महाराज बसले, आणि सभा धन्य धन्य म्हणती जाहली, आणि अकरा तोफा जाहल्या, आणि मग यादोपंत दिवाण यांनी महाराजांच्या कानाशी लागून पुसले की लेकरास सांभाळावयाचे ते किती हातांपर्यंत. महाराजांनी समुद्र दिवाणखान्यातील तसबिरीत पाहिला होता, त्यापलीकडे नाही. म्हणाले, "सध्या किती आहे?" दिवाण म्हणाले, "थोरल्या महाराजांपासून पाचशे हात." महाराज अंमळ विचारात पडले आणि म्हणाले, "लेकरू मोठे जाहले की एवढे लागत नाही. पन्नास पुरे करा." येणेप्रमाणे त्या राज्यात समुद्राच्या रक्षणाचा नवा काळ सुरू जाहला.

आता थोरल्या महाराजांचा जुना कायदा कसा होता तो ऐकावा. तो दीड ओळीचा होता. "भरतीचे पाणी जेथवर पोचते तेथून आत पाचशे हात कोणी बांधू नये, तोडू नये, भरू नये. ते समुद्राचे अंगण." इतकेच. त्यावर शिक्का होता, आणि शिक्क्याखाली कोणाचीही टीप नव्हती. लोक तो पाळीत, काही धर्म म्हणून आणि बहुतेक आळस म्हणून, परंतु पाळीत. मग त्या अंगणात खाडीच्या काठाने तिवरांचे रान वाढले. तिवर हे झाड चिखलात उभे राहते, मुळ्या वर काढून श्वास घेते, खारे पाणी पिऊन पानांवाटे मीठ टाकते, आणि त्याच्या पायाशी कोळंबी, बोय आणि खेकडे यांची बाळंतपणे होतात. वादळाची लाट त्यात शिरली तर धापा टाकीत बाहेर येते. सरकारी चाकरीत इतके काम करणारा इसम त्या राज्यात दुसरा नव्हता, आणि यास तर वेतनही नव्हते.

नवा कायदा चौऱ्याऐंशी पानांचा जाहला. त्याचे नाव सागरसंवर्धन सुलभीकरण. पहिली ऐंशी पाने समुद्राच्या स्तुतीस दिली होती, आणि ती खरोखरच इतकी सुंदर होती की वाचणाराचे डोळे भरून येत, आणि डोळे भरलेले असताना एक्याऐंशीव्या पानावर पाचशेचे पन्नास होऊन जात. परंतु राज्य न्यायी होते. कायदा करण्याआधी रयतेच्या हरकती मागवाव्या असा तेथे दंडक होता, तेव्हा मसुदा राजधानीत कचेरीच्या दारास खिळ्याने ठोकला आणि साठ दिवसांची मुदत दिली. समुद्र राजधानीहून सहा मुक्कामांवर, आणि भाषा दरबारी. साठ दिवसांत दोन हरकती आल्या. एक पठारावरच्या कोष्ट्याची होती, त्यास हा कागद सुतावरच्या जकातीचा वाटला होता. दुसरी कचेरीच्या पहारेकऱ्याची होती की त्या कागदामुळे दार लागत नाही. दोन्ही विचारात घेतल्या. दुसरीचा निकालही लागला. कागद काढला आणि दार लागले.

पन्नास हात म्हटले तरी ते कोठून मोजावयाचे, याकरिता भरतीरेषेच्या खुंट्या नव्याने ठोकणे आले. ते काम नरसोपंत मोजणीदार यांजकडे सोपविले. पंत पठारावरचे. अंगाने काटकुळे, स्वभावाने सरळ, आणि साखळी हाती घेतली की सख्ख्या भावासही ओळखीत नसत. एकदा दोघा भाऊबंदांच्या बांधाच्या तंट्यात त्यांनी चपलेच्या रुंदीइतका फरक काढला होता, आणि दोघांनीही तो मान्य केला होता, ही गोष्ट त्या मुलखात रामराज्याची खूण म्हणून सांगत. त्यांचे वडील मोजणीदार, आजोबा मोजणीदार. निवृत्तीस दहा महिने राहिले होते. त्यांची इच्छा एवढीच की तीन पिढ्यांत घराण्याची साखळी चुकली नाही, तैसेच नाव घेऊन घरी जावे आणि तुळशीपाशी बसावे.

त्या राज्याच्या कचेरीची एक रीत होती, ती येथे सांगितल्यावाचून पुढील हकीकत कळणार नाही. अमावास्येस कोणतेही सरकारी काम आरंभीत नसत, कारण ती अशुभ. पौर्णिमेस कचेरी बंद, कारण ती शुभ. मग सुटी सरली की प्रतिपदेस बैलगाड्या जुंपाव्या, वाटेत सहा मुक्काम करावे, मुक्कामाचा भत्ता घ्यावा, आणि सप्तमीस खाडीवर पोचावे. अष्टमीस काम उरकावे, आणि लगोलग परतावे, म्हणजे पुढच्या सुटीस माणूस घरी. शंभर वर्षे हा क्रम चालला होता. त्यात कोणाचाही कावा नव्हता. पंचांग, बैल आणि भत्ता या तिघांनी मिळून तो ठरविला होता, आणि या तिघांचे एकमत जेथे होते तेथे ब्रह्मदेवाचेही चालत नाही.

त्याप्रमाणे नरसोपंत माघ वद्य सप्तमीस वाकड्या खाडीवर पोचले, आणि अष्टमीस सकाळच्या भरतीला, पाणी चढावयाचे थांबले तेथे, तांबड्या टोकाच्या बेचाळीस खुंट्या ठोकिते जाहले. रेषा तिवरांच्या पहिल्या रांगेच्या बुडाशी आली. मागे दोनशे हात रान तसेच उभे राहिले. आणि मोठे नवल हे की चिखल खरवडताना पंतांच्या खुंटीशेजारी एक जुनी कुजकी खुंटी निघाली, तिजवर वडिलांची खूण, आणि तिच्या शेजारी आणखी एक, तिजवर आजोबांची. तिन्ही एका वितीत. पंतांचे डोळे पाणावले. त्यांनी तिन्ही खुंट्यांस हात जोडले.

हे सर्व चांगूबाय नाखवीण बांधावर बसून पाहत होती. ही कोळीवाड्याची म्होरकी, दोन होड्यांची मालकीण, वय साठीच्या पुढे, आणि तोंड कोणाच्या बापास न भिणारे. ती टोपलीतले खेकडे नांग्या बांधून ठेवीत होती. म्हणाली, "पंत, खुंट्या झ्याक ठोकल्याव. उपटाला कवा येशाल?"

पंत म्हणाले, "बाई, या खुंट्या उपटावयाच्या नाहीत. ही समुद्राची हद्द."

"दर्याला सांगलाव काय?"

"सांगावयाचे काय त्यात? पाणी येथवर आले, तुम्ही पाहिलेत."

"आज अष्टमी. आज भांग हाय," चांगूबाय म्हणाली. "भांगाला दर्या बसलेला असतो. बसलेल्या मानसाची उंची मोजून आंगरखा शिवता काय तुमचे गावाला? उभा ऱ्हाला का फाटंल."

पंतांस राग आला. ते म्हणाले, "बाई, या साखळीने तीन पिढ्यांत चूक केली नाही."

"साखळी नाय चुकली. दिस चुकला. अवसेला उधान येतं, तवा येऊन बघा. दुपारी बाराला पानी या बांधाला लागतं, जिथं मी बसलंय. तुमचा बापूस आलेला, तवा मी परकराची पोर व्हते. त्यालाबी माझी आय हेच बोलली. तो बोलला, बाय, अवसेला आमी घरी असतो."

वडील हुबेहूब तैसेच बोलत, हे पंतांस ठाऊक होते. मग ते गाडीशी गेले, आणि बैल जुंपावयास सांगितले, आणि बैल जुंपले, आणि मग बैल सोडावयास सांगितले. वहीत लिहिले की प्रकृती बरी नाही, सात दिवस किरकोळ रजा. नोकरीच्या एकतीस वर्षांत ही त्यांची पहिली रजा आणि पहिले खोटे. पैकी प्रकृतीचे पुढे खरे जाहले, कारण कोळीवाड्यात ज्या पडवीत त्यांची सोय केली तिच्या वाऱ्याला सुकत घातलेले बोंबील होते, आणि पंत नाकास उपरणे लावून सात दिवस भात आणि सोलकढी यांवर राहिले. चांगूबायने त्यांच्यासाठी वेगळे मडके आणले आणि वर सांगितले, "यात मासली शिजली नाय कवा. उद्याची गोष्ट मना ठाव नाय."

अमावास्येस सूर्य माथ्यावर आला आणि पंत धोतर खोचून बांधावर उभे राहिले. पाणी कोणतीही गर्जना न करिता आले. बेचाळीस खुंट्यांची तांबडी टोके एकामागोमाग एक बुडाली, जणू कोणी मोजून मिटविली. मग पाणी तिवरांत शिरले, आणि खेकडे खोडांवर चढले, आणि लहान मासे मुळ्यांच्या जाळीतून खेळत आत गेले, आणि पाणी हातामागे हात चढत दोनशे हात आत येऊन बांधास लागले, आणि पंतांच्या चपला ओल्या करून थांबले. सगळे रान पाण्यात उभे होते. पंत पठारावरचे, त्यांनी ऐसे दृश्य जन्मात पाहिले नव्हते. 

पंत म्हणाले, "म्हणजे हे सारे रान समुद्रात आहे."

चांगूबाय म्हणाली, "आमी त्याला रान बोलतच नाय. दर्याचा वरचा मजला बोलतो."

आता यात मर्म काय ते वाचणाराने ध्यानी घ्यावे. जुन्या कायद्यात पाचशे हात होते, तेव्हा दोनशे हातांची चूक त्यात पचून जात असे. अष्टमीची रेषा काय आणि अमावास्येची काय, तिवरास बाध नव्हता. थोरल्या महाराजांस मोजणीदारांची जात ठाऊक असावी. परंतु पन्नास हातांत दोनशे हातांची चूक पचत नाही. अष्टमीच्या रेषेने तिवराच्या चार रांगा वाचत होत्या, आणि मागचे दीडशे हात रान कोरडी जमीन ठरून मोकळे होत होते, आणि तेथे जलमहाल बांधण्याचे महाराजांचे मेहुणे दौलतराव यांनी केव्हाचे योजिले होते. रान गेले म्हणजे मासळी गेली, आणि मासळीमागून कोळीवाडा, आणि पुढच्या वादळात वाडाच्या वाडा. हे पंतांस त्या दुपारी एका क्षणी कळले. त्यांनी अमावास्येच्या मुहूर्तावर, दक्षिणेकडे तोंड करून, बांधाच्या कडेने नव्या बेचाळीस खुंट्या ठोकल्या. शास्त्राने जे जे वर्ज्य ते सर्व एका दुपारी केले, आणि पहिल्या खुंटीस घाव घालताना वडिलांचे नाव घेऊन क्षमा मागितली.

राजधानीत यादोपंत दिवाणांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले. दिवाणांची बुद्धी किती वर्णावी. त्यांनी एकदा दुष्काळाचे वर्ष दप्तरातून असे वगळले होते की पुढे दुष्काळ पडल्याचे कोणासच सिद्ध करता येईना. ते मृदू स्वरात म्हणाले, "पंत, हा दुसरा नकाशा अमावास्येचा. अमावास्येचे काम दप्तरात घेता येत नाही."

"समुद्र अमावास्येसही आला होता, साहेब."

"तो त्याचा प्रश्न. तो सरकारी चाकर नाही."

"साहेब, अष्टमीची रेषा खोटी आहे."

"खोटी? तुमच्या तीर्थरूपांची खूण आहे तेथे. त्यांच्याही तीर्थरूपांची आहे. दोन पिढ्यांस खोटे पाडता?"

पंत म्हणाले, "त्यांना पाचशे हातांत चुकण्याची मुभा होती. मला पन्नासांत नाही."

दिवाणांनी हे वाक्य मनापासून वाखाणिले आणि अष्टमीचा नकाशा सहीसाठी पुढे केला. पंतांनी हात मागे घेतला. म्हणाले, "निवृत्तिवेतन बुडाले तरी चालेल, सही होणार नाही." दिवाण रागावले नाहीत. त्यांनी पंतांस पान दिले, आणि कारकुनास दप्तरातून पन्नास वर्षांपूर्वीचा नकाशा काढावयास सांगितले. त्यावर तीच रेषा होती, आणि खाली पंतांच्या वडिलांची सही होती, वळणदार, ठसठशीत, शाई अजून काळी. दिवाण म्हणाले, "मग तुम्हांस तसदी कशास? घराण्याची सही आमच्यापाशी आहेच." ऐसे म्हणून त्यांनी जलमहालास परवानगी दिली, आणि बांधावरच्या अमावास्येच्या खुंट्या उपटवून पंतांच्या हवाली करविल्या. बापाच्या सहीने लेकाचे तोंड बंद करणे, ही राजनीती शिकवून येत नाही; ती अंगचीच असावी लागते.

मग भूमिपूजनाचा दिवस ठरला. महाराज स्वतः येणार, तेव्हा पाहावयास माणसे पाहिजेत, आणि माणसे सुटीवाचून मिळत नाहीत, म्हणून चैत्री पौर्णिमा धरली. मुहूर्त भर दुपारचा, बारा वाजताचा. जागा तिवरांच्या मधोमध एक उघडी खाजण, म्हणजे खाऱ्या चिखलाची सपाट जमीन होती, भांगाच्या दिवसांत वाळून खडखडीत, तेथे. ही तिथी ऐकून नरसोपंत त्याच पावली कचेरीत गेले आणि अर्ज लिहिला की पौर्णिमेस दुपारी त्या जागी कमरेइतके पाणी असते. अर्ज विचारात घेतला. चार दिवसांनी दुसरा लिहिला, तोही घेतला. तिसरा त्यांनी प्रत्यक्ष दिवाणांच्या हाती दिला, आणि दिवाणांनी तो वाचला, आणि अक्षर फार सुरेख आहे म्हणाले.

पंत समारंभाच्या तीन दिवस आधी कोळीवाड्यात आले आणि चांगूबायस सर्व सांगितले. ती पोट धरून हसली. म्हणाली, "तुमी कशाला अर्ज करता? येऊ द्या त्यांना. दर्याच त्यांना कायदा वाचून दाखवंल."

पंत म्हणाले, "बाई, पाच गावची माणसे हाकून आणणार आहेत. कडेवर पोरे असतील. त्यांना पोहता येत नाही. मलाही येत नाही."

तेव्हा चांगूबायचे हसू गेले. ती खाडीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं. व्होड्या लावते तिवरात. पर राजाला पयला नाय काढनार, सांगून ठेवते."

चैत्री पौर्णिमेस खाजणीवर काय थाट होता तो काय सांगावा. चारशे माणसे बसतील असा मंडप, खाली पेंढा, पेंढ्यावर जाजमे, जाजमांवर गालिचा, गालिच्यावर ठेंगणा लाकडी चौथरा, आणि चौथऱ्यावर पाय खाली सोडून महाराज. शेजारी दौलतराव, मागे दिवाण, समोर रयत आणि रयतेची पोरे. प्रथम समुद्रस्तुतीची ऐंशी पाने वाचावयास घेतली. पंधराव्या पानाशी गालिच्याची कड काळी दिसू लागली. विसाव्या पानाशी एक खेकडा आला, आणि वाचणाराकडे बघून बाजूला सरकला. गुरुजींनी आचमनास पाणी आणावयास सांगितले, आणि पाणी आले.

महाराजांनी पायाखाली पाहिले. म्हणाले, "दिवाणजी, गालिचा ओला का?"

दिवाण क्षणभरही न अडखळता म्हणाले, "धूळ बसावी म्हणून शिंपण केले आहे, महाराज."

थोडा वेळ गेला. महाराज म्हणाले, "शिंपण घोट्याला लागले."

"चाकर उत्साही आहेत, महाराज."

मग गालिचा तरंगला, आणि दौलतरावांची पगडी ज्या तबकात ठेवली होती ते तबक मंडपाबाहेर निघाले, आणि एक बाई किंचाळली, आणि चारशे माणसे एकदम उठली. तो तिवरांच्या आडून होड्या बाहेर आल्या. चौदा होड्या, प्रत्येकीवर दोन कोळी, आणि पहिलीच्या नाळेवर, पुढच्या टोकाशी, चांगूबाय उभी. ती ओरडली नाही. तिने हात वर केला एवढेच, आणि लोक जागच्या जागी थांबले, कारण त्या मंडपात काय करावयाचे हे ठाऊक असलेली ती एकटीच दिसत होती. तिने आधी पोरे चढविली, मग पोटुशा बाया, मग म्हातारे, मग इतर. महाराजांनी चौथऱ्यावरून विचारले की आमची पाळी केव्हा. चांगूबाय म्हणाली, "तुमी उंचावर हाव, महाराज. दम धरा." आणि महाराजांनी दम धरला. सत्य लिहावयाचे तर त्या दिवशी महाराजांची खरी थोरवी दिसली ती येथे. पाणी मांडीपर्यंत आले तरी ते पोरांची होडी लागेतो हलले नाहीत, आणि एका रडत्या पोरीस त्यांनी स्वतः उचलून होडीत दिले. एकही माणूस बुडाले नाही. दौलतरावांची पगडी तेवढी गेली.

शेवटच्या होडीत महाराज बसले, दिवाण बसले, आणि नरसोपंत साखळी व खुंट्या घेऊन बसले होतेच. चांगूबाय वल्हे मारीत होती. महाराज सभोवती पाहत होते. पाण्यात उभे रान, त्यातून कडेकडेने जाणारे माशांचे थवे, फांदीवर अंग फुगवून बसलेला बगळा. मग म्हणाले, "हे पाणी ऐसे रोज येते?"

चांगूबाय म्हणाली, "महिन्यात दोनदा. तुमची मानसं तवा कवाच नसतात."

"मग येथे कोरडी जमीन आहे ऐसे कोणी लिहिले?"

दिवाण म्हणाले, "पंतांच्या तीर्थरूपांची सही आहे, महाराज."

पंतांनी मान खाली घातली नाही. म्हणाले, "खरे आहे. चूक आमच्या घराण्याची. आजोबा अष्टमीस आले, वडील अष्टमीस आले, मीही अष्टमीस आलो. या बाईच्या आईने वडिलांस सांगितले होते, त्यांनी ऐकले नाही. मला हिने सांगितले, मी ऐकले. फरक इतकाच. रेषा त्या बांधावर आहे, महाराज. आणि हे माझ्या तीन अर्जांचे मसुदे, भिजले आहेत, परंतु वाचता येतात."

महाराजांनी तीनही मसुदे वाचले. दिवाण त्या वेळी बगळ्याकडे पाहत होते.

मग जे जाहले ते थोडक्यात येणेप्रमाणे. महाराजांनी कायद्यास पुरवणी जोडली की भरतीरेषा उधाणाच्या दिवशीच मोजावी, आणि अमावास्या व पौर्णिमा हे मोजणीखात्याचे कामाचे दिवस समजावे. कारकुनांनी हरकत घेतली, ती विचारात घेतली. वाकड्या खाडीचे रान समुद्राचे ठरले आणि आजही उभे आहे. दौलतरावांनी जलमहाल टेकडीवर बांधला आणि आता तेथून खाडी फार छान दिसते ऐसे ते पाहुण्यांस सांगतात, जणू ती त्यांनीच ठेवविली. यादोपंतांनी दप्तरात लिहिले की चैत्री पौर्णिमेचा प्रसंग हा महाराजांस भरती प्रत्यक्ष दाखवावी म्हणून दिवाणांनीच योजिला होता, आणि त्यांस सागरबंधू हा किताब मिळाला. पन्नासाचे पाचशे मात्र जाहले नाहीत. राज्यात आणखी एकेचाळीस खाड्या आहेत, तेथे अद्याप अष्टमीच्याच खुंट्या उभ्या आहेत, आणि नरसोपंतांनी निवृत्तीआधी त्यांपैकी नऊ खाड्या उधाणाला जाऊन पुन्हा मोजल्या. उरलेल्या बत्तीसांस कोणी सरळ माणूस मिळो. ऐसे राज्य, ऐसा राजा, ऐसी नाखवीण आणि ऐसा मोजणीदार एका काळी एकत्र आले, म्हणून एक रान वाचले. इतकी मंडळी नेहमी जमत नाहीत.

आता त्या दुपारी होडीत शेवटी काय जाहले ते सांगून हकीकत पुरी करितो. मसुदे वाचून महाराजांनी ते नीट घडी घालून ठेविले. ते म्हणाले, "नरसोपंत, बापाच्या सहीवर सत्य ठेवणारा माणूस आम्ही आज पाहिला. मागा. गाव मागा, पालखी मागा, वंशपरंपरा वतन मागा. जे मागाल ते दिले." होडी बांधास लागली होती. भरती नेमकी माथ्यावर येऊन थांबली होती, आणि पंतांस ठाऊक होते की ती घटकाभरही थांबत नाही. त्यांनी एकवार पाण्याकडे पाहिले, एकवार महाराजांकडे, आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, अंमळ उठावे. खुंट्या ठोकावयाची मोगरी आपल्या खाली आहे."